माळ्यावर सापडलेला भोंगा आणि बंद पडलेलं ड्राइव्ह-इन

माळ्यावरचा_पसारा
बाबांचं सदाशिव पेठेतलं घर पुनर्विकासाला चाललंय. पंधरा दिवस माळे उपसतोय. पितळी बंब, तीन पाट, पाय मोडलेला चौरंग, ऐंशीच्या दशकातल्या वीजबिलांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा आणि त्याच्यामागे हे प्रकरण.

करड्या रंगाचा, हातात घेतल्यावर दचकायला होईल इतका जड धातूचा डबा. साधारण पोळ्यांच्या लहान डब्याएवढा. समोर आडव्या चिरा, खाली काळं बटण (अजून फिरतं), मागे वाकवलेला आकडा आणि तळातून आलेली जाड वायर. वायर कापलेली नाही, तुटलेली आहे. आतल्या तांब्याच्या तारा केरसुणीसारख्या पिंजारल्यात.

वांद्र्याच्या आत्याला फोटो पाठवला. ती म्हणाली, "अरे, हा आमच्या ड्राइव्ह-इनचा भोंगा!" बाबांना विचारलं (वय ८१). ते म्हणाले, "असेल कुणाचातरी," आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता.

तर प्रश्न असे. हा खरंच तोच आहे का? ते थिएटर कुणी पाहिलंय? आणि इतकं झकास प्रकरण बंद का पडलं? आपल्याकडे गाडीत बसून सिनेमा रुजलाच कसा नाही?

उगाच_एक
फोटो इथंही टाका. फोटोशिवाय असला धागा म्हणजे कटाशिवाय मिसळ.

माळ्यावरचा_पसारा
टाकला. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी काडेपेटी ठेवलीय.

वांद्रे_पूर्व
अरे देवा! तोच, तोच. माझं बालपण कलानगरच्या बाजूला गेलं, आता कोथरूडला असते. आज जिथं बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) काचेच्या इमारती आहेत, तिथं तेव्हा दलदल, खाजण आणि हे ड्राइव्ह-इन होतं. सत्तरच्या दशकात सुरू झालं आणि नवीन शतक लागल्यावर थोड्याच वर्षांत बंद झालं.

आत शिरलं की मैदान सपाट नसायचं. लाटा गोठल्यासारखे मातीचे उंचवटे, एकामागे एक. गाडीची पुढची चाकं उंचवट्यावर चढवायची म्हणजे नाक वर होतं आणि पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. दोन गाड्यांच्या मधे एक खांब, त्याला दोन भोंगे. आपल्या बाजूचा काढायचा आणि अर्ध्या उतरवलेल्या काचेला अडकवायचा. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. नायिका कितीही नाजूक असली तरी डब्यात पडल्यासारखी गायची.

काच उतरवली की खाडीचे डास आत. बाबा डॅशबोर्डवर डासांची उदबत्ती लावायचे. सिनेमा संपेपर्यंत आम्ही गाभाऱ्यात बसल्यासारखे. पोळीभाजी घरून, चिवडा घरून, पाणी घरून. मध्यंतरात लोक गाडीतून उतरून एकमेकांच्या गाड्या बघत फिरायचे. मला तर सिनेमापेक्षा तेच जास्त आठवतं.

गाडीवाली
@वांद्रे_पूर्व, गाभारा!! हसून हसून पुरेवाट. आम्ही मुलं बॉनेटवर आडवी व्हायचो. गरम बॉनेट, वर आकाश. निम्म्या सिनेमांचा शेवट मला माहीत नाही, कारण झोप लागायची.

उगाच_एक
धागाकर्ते, वायर तुटलेली, बाबा गप्प, पेपर उलटा. दिसतंय काय ते. भोंगा ढापलेला आहे.

फिल्लमबाज
इतिहास सांगायची संधी मी सोडत नाही, सोसा.

हे खूळ अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या रिचर्ड हॉलिंग्सहेडचं. त्यानं घराच्या अंगणात दोन झाडांना चादर ठोकली, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, पडद्यामागे रेडिओ लावला. पावसात कसं दिसेल हे बघायला बागेला पाणी घालायचा फवारा गाडीवर सोडला. मग प्रश्न आला की पुढची गाडी आड येते. चाकांखाली ठोकळे घालून घालून त्यानं ते उंचवट्यांचं गणित बसवलं. १९३३ च्या मे महिन्यात पेटंट मिळालं आणि ६ जूनला कॅम्डेनला थिएटर सुरू. गाडीचे २५ सेंट, शिवाय माणशी २५ सेंट. त्याची आई अंगानं भारी होती, तिला थिएटरच्या खुर्चीत अवघडायचं म्हणून हे सुचलं, अशी गोष्ट सांगतात.

गंमत म्हणजे हे पहिलं थिएटर तीन वर्षांतच बंद पडलं. आणि १९४९ मध्ये तिथल्या न्यायालयानं त्याचं पेटंटही मोडीत काढलं. जमिनीला उतार देणं हा शोध होत नाही म्हणे. त्यानंतर मात्र पीक आलं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चार हजारांवर थिएटरं होती. सुरुवातीला पडद्याजवळ मोठे कर्णे असायचे. मागच्या गाड्यांना आवाज उशिरा पोचायचा आणि आजूबाजूच्या वस्तीला फुकट सिनेमा ऐकू यायचा. एकेका गाडीसाठी वेगळा भोंगा आला तो १९४१ मध्ये. धागाकर्त्याच्या माळ्यावर आहे तो त्याच कुळातला.

सदाफुली
माणशी पैसे म्हटल्यावर डिकी आलीच.

फिल्लमबाज
@सदाफुली, आलीच! तिकडे पोरं डिकीत लपून आत जायची. शेवटी कित्येकांनी गाडीमागे एकच दर ठेवला.

उगाच_एक
आई खुर्चीत मावत नाही म्हणून मुलानं अख्खं थिएटर काढलं. इथं आईला "बाल्कनीचं काढू का?" विचारलं तरी "कशाला उगाच पैसे" ऐकायला मिळतं.

अहमदाबादी_जावई
"बंद पडलं" म्हणून एवढा गळा काढताय, पण अहमदाबादला अजून चालू आहे. थलतेजचं सनसेट ड्राइव्ह-इन, १९७३ पासून. ६६५ गाड्यांची जागा. त्या रस्त्याचं नावच ड्राइव्ह-इन रोड. सासुरवाडीला गेलो की जावयाला नेतातच.

तिथं कुणी गाडीत बसत नाही. गाडी पडद्याकडे पाठ करून लावायची, डिकी उघडायची, गाद्या, लोड, घडीच्या खुर्च्या बाहेर काढायच्या. थेपले, छुंदा, ताकाचा कॅन. सासरेबुवा पहिल्या गाण्याला आडवे होतात ते राष्ट्रगीत लागल्यासारखे एकदम शेवटी उठतात. तेव्हा मोटारीचं प्रेम वगैरे काही नाही, ही आपली अंगणातली बाजच आहे.

तळजाई
मला या सगळ्या गहिवराचा थोडा कंटाळा येतो. ऐंशी साली गाडी कुणाकडे होती? आमच्या वाड्यात चौदा बिऱ्हाडं आणि एक लॅम्ब्रेटा. ज्यांच्याकडे आधीच सगळं होतं त्यांच्यासाठी आणखी एक सोय, एवढंच. बंद पडली तर पडली.

वांद्रे_पूर्व
@तळजाई, तुमचं चूक नाही. पण माझ्या मावसभावंडांकडे गाडी नव्हती आणि त्यांनी माझ्यापेक्षा जास्त सिनेमे पाहिले. त्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून पडद्याचा वरचा भाग दिसायचा. आवाज नाही आणि माणसं नाकापासून वर. संवाद ते स्वतःच म्हणायचे. थोरला खलनायक करायचा. पुढे एकदा खरा सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा सगळ्यांचा विरस झाला. खरे संवाद फारच मिळमिळीत निघाले.

पेठी_पाखरू
पुण्याला ड्राइव्ह-इन कशाला हवं होतं? आमच्याकडे दहा दिवस अख्खा रस्ताच थिएटर असायचा!

गणपतीत मंडळ १६ एमएमचा प्रोजेक्टर भाड्यानं आणायचं. रस्त्यावर दोन बांबू, मधे पांढरं कापड. संध्याकाळी चार वाजल्यापासून पोती आणि सतरंज्या टाकून जागा धरायची. सतरंजीवर एक लहान भाऊ वजन म्हणून ठेवायचा. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधार. मग शिट्ट्या, मग मंडळाचे अध्यक्ष माईकवर, मग दुसरं रीळ. कधीकधी तिसरं आधी लागायचं आणि मेलेला माणूस लग्नाला यायचा.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. उशीर झाला की कापडाच्या मागच्या बाजूला बसावं लागायचं. तिथून सगळं उलटं. पाट्या उलट्या, सगळे नायक डावखुरे. मी पहिली तीन वर्षं मागूनच पाहिले. पुढे थिएटरात तोच सिनेमा पाहिला तेव्हा नायक उजव्या हातानं मारतोय हे बघून मला चुकल्यासारखं झालं.

तळजाई
@पेठी_पाखरू, हे मात्र शंभर टक्के. मी पण मागचाच.

सायकलस्वार
सायकलींच्या गावाला गाडीतला सिनेमा कोण दाखवणार? ड्राइव्ह-इन नाही, पेडल-इन म्हणा. मी सायकल स्टँडला लावून कॅरिअरवर उलटा बसून अख्खा सिनेमा पाहिलाय. मध्यंतरात हवा कुणी सोडली ते आजवर कळलेलं नाही.

कार्बनकांडी
मी सव्वीस वर्षं पेठेतल्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये काढली. म्हणून उजेडाबद्दल बोलतो, त्याकडे कुणी बघत नाही.

बंद थिएटरात अंधार फुकट मिळतो. दार लावलं, दिवे घालवले, झालं. उघड्यावर अंधाराची वाट बघावी लागते. जूनमध्ये पुण्यात सूर्य सव्वासातला मावळतो, आकाश काळं व्हायला पावणेआठ तरी होतात. म्हणजे मॅटिनी नाही, तीनचा नाही, सहाचा नाही. जास्तीत जास्त दोन खेळ, त्यातला दुसरा संपणार मध्यरात्रीनंतर. अमेरिकेत तर उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तिथल्या ड्राइव्ह-इनवाल्यांचं त्यानं पार कंबरडं मोडलं.

दुसरं म्हणजे पडदा. रुंदी दुप्पट केली की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. आमच्याकडे कार्बनच्या दोन कांड्या असायच्या, त्यांच्यामधल्या ठिणगीचा उजेड. कांड्या जळतील तशा जवळ आणत राहायच्या. अंतर चुकलं की पडदा पिवळा पडतो आणि खालून शिव्या. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, पुन्हा ठिपका दिसला की पालटायचं. त्या ठिपक्यांमुळे मी आयुष्यात एकही सिनेमा नीट पाहिलेला नाही. अजून टीव्हीवरसुद्धा डोळा कोपऱ्यात जातो.

एवढ्या मोठ्या उघड्या पडद्यावर, चंद्र असताना, समोरच्या रस्त्यावरून ट्रकचे दिवे जाताना चित्र टिकवायचं म्हणजे केबिनमधल्या माणसाची परीक्षा. वांद्र्याला जो कोण असेल त्याला माझा नमस्कार.

गाडीवाली
काका, केबिनबद्दल वेगळा धागा काढा ना प्लीज. कोपऱ्यातला ठिपका मी लहानपणी पाहिलाय! मला वाटायचं प्रिंट खराब आहे.

सातबारा
उजेड, आवाज सगळं ठीक. पण बंद पडण्याचं कारण जमीन. बाकी सगळी फुलं-पानं.

काही एकर जागा दिवसाचे वीस तास रिकामी ठेवायची. आपल्या हवेत पावसाचे चार महिने जवळजवळ पाण्यात. गाडीत जास्तीत जास्त पाच माणसं, म्हणजे बाराशे चौरस फुटांत जेवढी माणसं बाल्कनीत बसतात तेवढ्यांना इथं मैदान लागतं. गावाबाहेर जमीन पडून असेपर्यंत हे परवडतं. वांद्र्याच्या खाजणावर व्यापारी संकुल उभं राहिल्यावर त्या मैदानात सिनेमा दाखवणं म्हणजे सोन्याच्या पाटावर लसूण वाटणं. त्यात ऐंशीच्या दशकात व्हिडिओ घरात आला, मग केबल, मग मल्टिप्लेक्स. व्हिडिओनं सगळ्याच थिएटरांना मारलं, पण मोठं अंगण असलेल्याला आधी.

आणि नवं बघा. २०२१ च्या नोव्हेंबरात बीकेसीतच पुन्हा ड्राइव्ह-इन सुरू झालं, पण मॉलच्या गच्चीवर! साधारण २९० गाड्या. जमीन महाग झाली की थिएटर माडीवर चढतं.

उगाच_एक
@सातबारा, लसूण जिंकला.

बाणेरची_मीनल
कोविडनंतर आपल्याकडेही एका लॉनवर असा खेळ लागला होता, आम्ही हौसेनं गेलो. आवाज एफएमवर, गाडीच्या रेडिओतून. भोंगा नाही, डास मात्र तेच. आमच्यापुढे एक भलीमोठी एसयूव्ही, उंचवटे नाहीतच, त्यामुळे अडीच तास आम्ही तिचं स्टेपनीचं कव्हर पाहिलं. मागच्याला एसी हवा म्हणून त्यानं इंजिन चालू ठेवलेलं, अधूनमधून त्याचा पाय ब्रेकवर पडायचा आणि आमची गाडी लाल व्हायची. संपल्यावर चार गाड्यांच्या बॅटऱ्या उतरलेल्या. नवऱ्यानं दोन ढकलल्या. म्हणाला, पैसे देऊन एवढा व्यायाम पहिल्यांदाच झाला.

लक्ष्मीरोड
दोन दिवस वाचतोय आणि वाटलं होतं कुणीतरी म्हणेल. कुणीच म्हणत नाही म्हणून मी म्हणतो.

पुण्यात ड्राइव्ह-इन आहे. मंडईत आहे, एक नाही, दोन आहेत.

१९१५ मध्ये गंगाधरपंत पाठकांनी मंडईजवळ आर्यन सुरू केलं. पुण्याचं पहिलं चित्रपटगृह. १९८३ मध्ये ते गेलं. तिथं आता काय आहे? वाहनतळ. शेजारचं मिनर्व्हा गेलं, तिथं काय आहे? वाहनतळ. आजही माणसं "आर्यनला लाव", "मिनर्व्हाला जागा नाही" असंच म्हणतात. वांद्र्याला सिनेमासाठी गाड्या लावायचे. आम्ही सिनेमा काढला आणि गाड्या ठेवल्या.

परवा तुळशीबागेच्या खरेदीसाठी आर्यनला गाडी लावली. बायको आत गेली, मी पाऊण तास गाडीत. समोर भिंत, भिंतीवर पान खाऊन टाकलेल्या पिचकाऱ्या. काच खाली केली. मंडईचा गलका, ढोलाचा सराव. तिकीट पण घेतलं होतं की! वाहनतळाचं.

कार्बनकांडी
@लक्ष्मीरोड, वाचून खुर्चीतून उठलो. आर्यनच्या दारात मी शाळा चुकवून उभा राहिलोय.

पेठी_पाखरू
लक्ष्मीरोड यांना साष्टांग. धागा इथंच संपला असं जाहीर करावं.

तळजाई
+१. माझा वर्गलढा तात्पुरता मागे.

ओहम_शांती
थांबा, मूळ भोंगा राहिला. धागाकर्ते, रेडिओ दुरुस्तीचं काम करतो म्हणून सांगतो. वायरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. तीन-चार ओहमच्या आसपास आकडा आला तर आतली कॉइल शाबूत आहे. बटण फिरवत आकडा बघा, कुठे उडतो का. मग लहानसा अॅम्प्लिफायर, आवाज अगदी कमी ठेवून. मोठ्याला जोडाल तर चाळीस वर्षांच्या कागदी कोनच्या चिंध्या होतील. आणि उघडू नका! आत कोळ्यांची वस्ती असेल.

माळ्यावरचा_पसारा
उशिराबद्दल क्षमस्व. बरंच घडलंय.

काल रात्री तुमचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवत होतो. गाभारा, डावखुरे नायक, आर्यन, सगळं ऐकून हसले. उगाच_एक यांचं "ढापलेला आहे" आलं आणि पेपर खाली ठेवला. "चोरी नव्हे. अनवधान."

१९८४ ची दिवाळी, आत्याकडे भाऊबीज. रात्री सगळे ड्राइव्ह-इनला. आत्याला डबा उघडताना दिसावं म्हणून बाबांनी गाडीतला दिवा लावला आणि तो राहिलाच. सिनेमा संपला, आत्याचं बिऱ्हाड चालत घरी गेलं, आम्ही तिथूनच पुण्याला निघणार. गाडी चालू होईना. पाच-सहा जण धक्का मारायला आले. उंचवट्यावरून उतार मिळाला, इंजिन धरलं. त्याच क्षणी टण्ण आवाज झाला. मागून लोक ओरडायला लागले, "भोंगा! भोंगा!" बाबांना वाटलं, शाबासकी देतायत. त्यांनी हात बाहेर काढून हलवला. थांबले असते तर गाडी पुन्हा बंद पडली असती, म्हणून गेले ते गेलेच. शीव, वाशीचा पूल, पनवेल. खोपोलीला चहाला उतरल्यावर आई म्हणाली, "तुमच्या काचेला हे काय लोंबतंय?"

मी मागच्या सीटवर झोपलो होतो. पाच वर्षांचा. म्हणजे गुन्ह्यात मीही होतो.

"मग परत का नाही दिला?" विचारलं. ते उठले, वीजबिलांच्या त्या गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि मधून एक आंतरदेशीय पत्र काढलं. पत्ता लिहिलेला, घड्या घातलेल्या, चिकटवलेलं मात्र नाही. "मा. व्यवस्थापक, स. न. वि. वि., आपल्या मालकीचा एक ध्वनिक्षेपक नजरचुकीने आमच्या गाडीसमवेत पुणे येथे आला आहे. त्याची किंमत रु." आणि पुढे मोकळी जागा. किंमत किती लिहावी हे ठरेना. कमी लिहिली तर अपमान, जास्त लिहिली तर भुर्दंड. चौकशी करून लिहू म्हणून ठेवलं. पुढे त्यांना पेपरातूनच कळलं की थिएटरच बंद झालं.

ओहम_शांती, मीटर लावला. ३.४ आला. शेजारच्या मुलाकडून छोटा अॅम्प्लिफायर आणला आणि आकाशवाणी पुणे लावलं. आधी खरखर. बटण फिरवल्यावर बाई बातम्या सांगायला लागल्या. डब्यात पडल्यासारख्या, वांद्रे_पूर्व म्हणाल्या तस्संच. बाबांनी भोंगा उचलला, खिडकीच्या गजाला अडकवला आणि खुर्ची ओढून बसले.

वांद्रे_पूर्व
मी ऑफिसात वाचतेय, लोक बघतायत. तुमच्या बाबांना माझा नमस्कार. आत्याला पण. त्या चौथ्या रांगेत बसायच्या का विचारा, आम्ही तिथंच असायचो.

ओहम_शांती
३.४ म्हणजे ठणठणीत. कोळ्यांना त्रास दिला नाहीत ना?

उगाच_एक
"ढापलेला" हा शब्द मागे घेतो. बाबांची माफी मागतो. पण पत्रातली मोकळी जागा आता भरा म्हणावं, व्याजासकट. बीकेसीच्या गच्चीवर नेऊन देऊ.

माळ्यावरचा_पसारा
वाचून दाखवलं. म्हणाले, "देतो. पण पावती मिळणार असेल तरच."